परदेशातला पहिला शरद: मित्रांसोबत हिंडून घ्या, पण तयारीनं

ऑक्टोबर लागला की बोरीच्या शिवारात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. सोयाबीनची काढणी, मळणीयंत्रासाठी नंबर, परतीच्या पावसाची धास्ती, कापसाची वेचणी आणि मागोमाग हरभरा-ज्वारीच्या पेरणीची घाई. नेमक्या याच दिवसांत जर्मनीतल्या बहुतेक विद्यापीठांचं हिवाळी सत्र सुरू होतं. सत्र १ ऑक्टोबरला लागतं आणि तास साधारण महिन्याच्या मध्यावर भरू लागतात. म्हणजे परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या आपल्या गावातून कुणी तिकडे शिकायला गेलं, तर परदेशाची त्याची पहिली ओळख होते ती शरद ऋतूत.

हा ऋतू तिथे फार देखणा असतो आणि थोडेच दिवस टिकतो. बीच, मेपल, ओक ही झाडं पिवळी, तांबूस, तपकिरी होत जातात. द्राक्षमळ्यांचे उतार सोनेरी दिसू लागतात, बागांत सफरचंदांचा सडा पडतो. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बरीचशी पानं गळून जातात, दुपारी साडेचारच्या सुमारास अंधारून येतं आणि माणसं घरात शिरतात ती थेट मार्चपर्यंत. वर्गातल्या आणि वसतिगृहातल्या ओळखी पक्क्या होतात त्या या सहा-आठ आठवड्यांत. हे दिवस एकट्यानं खोलीत काढले, तर पुढचा हिवाळा फार लांब वाटतो.

म्हणून पहिल्यांदा बाहेर जाणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना कळकळीनं सांगणं आहे, की पहिल्या शरदात मित्रांसोबत भरपूर हिंडून घ्या. थोडक्या पैशांत, सुरक्षितपणे आणि मजेत हे कसं जमवायचं, ते पुढे सविस्तर दिलं आहे. उदाहरणं जर्मनीची घेतली आहेत, कारण तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसतं आणि त्यामुळे शेतकरी घरांतली बरीच मुलं तिकडे वळतात. दुसऱ्या देशात जाणाऱ्यांसाठी शेवटी थोडं वेगळं लिहिलं आहे.

हिंडण्याची लाज वाटून घेऊ नका

सातबाऱ्यावर बोजा चढवून किंवा बँकेचं शिक्षण कर्ज काढून बापानं पाठवलेलं असतं. अशा मुलाला रविवारी डोंगरात फिरायला जाताना अपराधी वाटतं. घरी माय सोयाबीन गोळा करतेय आणि आपण इथे फोटो काढतोय, हा विचार पाठ सोडत नाही. ही भावना खरी आहे आणि चांगल्या मनाची खूण आहे. पण तिच्या आहारी जाऊ नका. परक्या देशात तुमच्या जवळपास नात्याचं कुणी नसतं. ताप आला तर औषध आणून देणारा, परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका दाखवणारा, खोली बदलताना सामान उचलू लागणारा, सरकारी कार्यालयातलं जर्मन पत्र वाचून दाखवणारा माणूस मित्रांतूनच मिळतो. आणि असे मित्र ग्रंथालयापेक्षा पायवाटेवर लवकर जुळतात.

आपल्याकडे याचा एक जुना दाखला आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकायला गेल्या. १० ऑक्टोबर १८८५ चा त्यांचा एक प्रसिद्ध फोटो आहे. त्यात साडीतल्या आनंदीबाईंसोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली या दोघी आपापल्या देशाच्या पेहरावात आहेत. महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांनी दिलेल्या स्वागत समारंभाच्या दिवशी तो काढलेला आहे. तीन टोकांच्या देशांतून आलेल्या या मुली परक्या देशातल्या शरदात एकत्र उभ्या राहिल्या आणि पुढे तिघीही डॉक्टर झाल्या. त्याच आनंदीबाईंची दुसरी बाजूही विसरू नये. तिथली थंडी आणि आहाराची आबाळ त्यांच्या प्रकृतीला सोसली नाही. १८८६ च्या मार्चमध्ये पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानं त्या गेल्या, तेव्हा वयाला बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. मैत्री करा, आणि अंगावरचे कपडे व पोटातलं अन्न यांत काटकसर करू नका, हे दोन्ही धडे त्यांच्या आयुष्यात आहेत.

पैशांचा मेळ

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड म्हणजे पैसे अडकवून ठेवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरपासूनचा हा आकडा आहे, म्हणजे महिन्याला ९९२ युरो हातात येतात. भाडं, आरोग्य विमा आणि किराणा गेल्यावर फारसं उरत नाही. तरी सहलीला जागा निघते, कारण तिथली सगळ्यात मोठी मजा जवळपास फुकट आहे.

प्रवासासाठी डॉइचलांडटिकेट नावाचं मासिक तिकीट आहे. २०२३ च्या मे महिन्यात ते ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि २०२६ च्या जानेवारीपासून ६३ झालं. अनेक विद्यापीठांत हेच तिकीट सवलतीत, सत्राच्या वर्गणीतच मिळतं. पैसे भरण्याआधी विद्यापीठाकडे विचारा, म्हणजे दोनदा भरले जाणार नाहीत. या तिकिटावर देशभरातल्या प्रादेशिक रेल्वे, लोकल, ट्राम आणि शहरबस चालतात. आयसीई आणि आयसी या जलद गाड्यांना ते चालत नाही. चुकीच्या गाडीत बसलात तर विनातिकीट समजतात, आणि प्रादेशिक गाड्यांत तो दंड ६० युरो आहे. फलकावर आरई, आरबी किंवा एस ही अक्षरं पाहूनच चढा. तिकीट वर्गणीच्या स्वरूपात घेतलं असेल, तर महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही की पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात, हेही ध्यानात ठेवा.

रविवारी दुकानं बंद असतात. ३ ऑक्टोबर हा जर्मन एकीकरणाचा दिवस, त्या दिवशीही बंद. काही राज्यांत ३१ ऑक्टोबरला, काहींत १ नोव्हेंबरला सुट्टी असते. सहलीचं सामान आदल्या दिवशी घ्या. पाण्याची रिकामी बाटली किंवा डबा फेकू नका. एकदा वापरायच्या बहुतेक बाटल्यांवर आणि डब्यांवर २५ सेंट अनामत असते आणि दुकानातल्या यंत्रात टाकली की ती परत मिळते. चार-पाच जणांच्या सहलीच्या बाटल्या गोळा केल्या तर एकाच्या कॉफीला हातभार लागतो.

घरून डबा, तिकीट आधीच काढलेलं आणि वाटेत एक कॉफी, एवढ्यात दिवसाची सहल दहा युरोंच्या आत बसते. सामायिक खर्च कुणी एकानं लिहून ठेवावा, त्यासाठी स्प्लिटवाइजसारखी अ‍ॅप आहेत. पैशांचा हिशेब त्याच रात्री पूर्ण करायचा, हा नियम पहिल्याच सहलीला ठरवा. मैत्रीत कुरबूर होते ती बहुधा उरलेल्या तीन युरोंवरून.

नोकरीचाही विचार करा. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पहिल्या दोन महिन्यांत सगळे शनिवार-रविवार कामाला बांधून घेऊ नका. दोन्हींतला एक दिवस माणसांसाठी मोकळा ठेवा.

कुठे जायचं

नव्या विद्यार्थ्याला लांबच्या मोठ्या शहरांची ओढ असते. पहिली सहल मात्र जवळच्या टेकडीचीच करावी. बहुतेक शहरांपासून ट्राम किंवा लोकलनं थोडं बाहेर गेलं की जंगलवाट लागते. जर्मन लोकांना पायी भटकण्याचं वेड आहे. झाडांच्या बुंध्यांवर रंगवलेल्या खुणा असतात, कुठे पांढरा चौकोन, कुठे निळी पट्टी. निघताना एक खूण निवडायची आणि शेवटपर्यंत तिच्यामागे जायचं. वाट शोधायला कोमूट हे अ‍ॅप चांगलं आहे, पण नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. जंगलात रेंज जाते.

थोडी हिंमत आली की पुढच्या जागा निवडा. ड्रेस्डेनहून लोकल रेल्वेनं रातेन या गावी उतरलं, नावेनं एल्ब नदी ओलांडली आणि तासाभराची चढण चढली की बास्टाईचा वालुकाश्माचा पूल येतो. १८५१ साली बांधलेला हा पूल नदीपासून जवळजवळ २०० मीटर उंचीवर खडकांच्या सुळक्यांमध्ये उभा आहे, आणि ऑक्टोबरमध्ये खालचं सगळं जंगल रंगलेलं असतं. उत्तरेत हार्त्स पर्वतात १,१४१ मीटर उंचीचा ब्रोकेन आहे. तिथे वर्षातले सुमारे ३०० दिवस धुकं असतं, म्हणून आकाश निरभ्र दिसलं तरी गरम कपडे बरोबर हवेतच. पश्चिमेला ऱ्हाईन आणि आर नद्यांच्या खोऱ्यांत द्राक्षमळ्यांमधून जाणाऱ्या पायवाटा आहेत. श्टुटगार्टजवळच्या लुडविग्सबुर्गला राजवाड्याच्या बागेत दर शरदात भोपळ्यांचं मोठं प्रदर्शन भरतं आणि भोपळे रचून उभ्या केलेल्या प्रचंड आकृत्या पाहायला मिळतात.

आखेनला शिकणाऱ्यांसाठी तर दसऱ्याचा बेत तयारच आहे. शहराबाहेरच्या टेकडीवर जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या सीमा एका दगडाशी मिळतात. टेकडी ३२२ मीटरची, तरी युरोपातल्या नेदरलँड्समधली ती सगळ्यात उंच जागा. दगडाभोवती एक फेरी मारली की तीन देश होतात. शिलंगणाला जाणाऱ्या माणसाला यापेक्षा सोपं सीमोल्लंघन कुठे मिळणार? इराणी, ब्राझिली, व्हिएतनामी मित्रांना घेऊन जा, दसऱ्याची गोष्ट सांगा आणि आपट्याच्या जागी तिथलं एखादं पिवळं पान हातात ठेवा. त्यांनाही ते आवडतं.

सीमा ओलांडताना पासपोर्ट आणि निवास परवाना दोन्ही जवळ असू द्या. जर्मन निवास परवान्यावर शेंगेनमधल्या इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत जाता येतं. मात्र २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीनं आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली आहे, त्यामुळे फोनमधला फोटो दाखवून भागत नाही. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, तिथे वेगळा व्हिसा लागतो.

कपडे, बूट आणि उजेड

परभणीची थंडी सोसलेली मुलं म्हणतात, आम्हाला थंडीचं काय कौतुक. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा कधीकधी पाच अंशांच्या खाली जातो, हे खरं. पण इथे सकाळी शेकोटीजवळ बसलं की दुपारी ऊन असतं. तिकडच्या शरदातली थंडी ओली असते, वाऱ्याची असते आणि दिवसभर उतरत नाही.

एका जाड स्वेटरपेक्षा तीन थर बरे. अंगाला चिकटणारा लवकर वाळणारा कपडा, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा थर आणि वर पाऊस-वारा अडवणारं जॅकेट. सुती बनियन आणि जीन्स भिजली की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. बुटांचा तळ खाचांचा हवा, कारण ओल्या पानांचा थर फार निसरडा असतो. टोपी आणि हातमोजे इथून न्यायची गरज नाही. तिकडे जुन्या कपड्यांच्या दुकानांत आणि विद्यार्थ्यांच्या देवघेवीत चांगलं जॅकेटही स्वस्तात मिळतं.

उजेडाचं गणित सगळ्यात महत्त्वाचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीन वाजता घड्याळं एक तास मागे घेऊन दोन करतात. त्या दिवसापासून सूर्य अचानक पाचच्या आसपास मावळू लागतो आणि पुढे रोज थोडा लवकर. म्हणून नोव्हेंबरमध्ये दुपारी साडेतीनपर्यंत जंगलाबाहेर यायचंच, असं ठरवून निघा. निघण्याआधी परतीच्या शेवटच्या बसची वेळ पाहा. रविवारी खेड्यांतल्या बस फार कमी असतात. पिशवीत छोटी विजेरी, चार्जिंगची बॅटरी, पाणी आणि मूठभर खाऊ ठेवा. चालताना सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, म्हणजे कुणी मागे राहत नाही.

सायकल घेऊन जाणार असाल, तर पुढे-मागे दिवे असणं कायद्यानं आवश्यक आहे. चालवताना फोन हातात धरला तर ५५ युरो दंड होतो.

जंगलातले धोके

जंगलात जागोजागी हिरव्या फलकावर पांढरा क्रॉस आणि क्रमांक लिहिलेला असतो. तो बचाव पथकाचा खूण-बिंदू. कुणाचा पाय मुरगळला, तर ११२ वर फोन करून तो क्रमांक सांगायचा, मग रस्ता समजावत बसावं लागत नाही. म्हणून चालताना असा फलक दिसला की क्रमांकाचा फोटो काढण्याची सवय लावा. ११२ हा क्रमांक सगळ्या युरोपीय संघात चालतो आणि तो फुकट आहे.

शरदात शिकारीचा मोसम असतो. वाटेवर शिकार चालू असल्याचा फलक किंवा लाल-पांढरी पट्टी दिसली तर पुढे जाऊ नका, दुसरी वाट धरा.

गवतात आणि झुडपांत गोचीड असतात आणि पारा सात-आठ अंशांच्या वर असेपर्यंत ते चावतात. त्यांच्यामुळे लाइम आजार होऊ शकतो. पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, मानेवर पाहा. गोचीड दिसला तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल किंवा तूप लावू नका. पुढच्या काही दिवसांत तिथे लाल वर्तुळ पसरलं, तर लगेच डॉक्टरकडे जा.

सफरचंद, चेस्टनट आणि भूछत्र

शेतातल्या मुलांना झाडावरचं फळ तोडण्याचा मोह होणारच. रस्त्याकडेचं सफरचंदाचं झाड बेवारस वाटलं तरी त्याला मालक असतो. जर्मनीच्या काही भागांत मालक आपल्या झाडाला पिवळी फीत बांधतात. फीत असली की घरच्यापुरती फळं खुशाल तोडा, विचारायची गरज नाही. फीत नसेल तर हात लावू नका. पैसे देऊन स्वतः तोडायच्या बागाही असतात, आणि पाच-सहा जणांची दुपार तिथे फार मजेत जाते. रानातली बेरी किंवा फुलं घरगुती वापरापुरती, मूठभर घ्यायला कायद्याची मुभा आहे. संरक्षित क्षेत्रात तीही नाही.

चेस्टनटच्या बाबतीत नीट पाहा. खाण्याचं चेस्टनट असतं त्याच्या कवचावर दाट, बारीक, साळिंदरासारखे काटे असतात आणि आतल्या बीला टोक असतं. बागांत आणि रस्त्यांवर जे जास्त दिसतं ते घोडा-चेस्टनट. त्याच्या कवचावर थोडेच आखूड काटे असतात आणि बी गोल गुळगुळीत असते. ते विषारी आहे. त्याची माळ करा, खेळा, पण भाजून खाऊ नका.

भूछत्रांना तर हातच लावू नका. आपल्याकडे पावसाळ्यात ओळखीची भूछत्रं आणून भाजी करतात, त्यामुळे माहिती असल्याचा भास होतो. युरोपातलं डेथ कॅप नावाचं फिकट हिरवट भूछत्र आशियातल्या खाद्य भूछत्रांसारखं दिसतं. ते खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ काहीच होत नाही, आणि मग यकृत निकामी होऊ लागतं. जाणकारासोबत फिरायला जा, फोटो काढा, जेवणात बाजारातलीच घ्या.

भोपळा मात्र मनसोक्त खा. बाजारात होक्काइदो नावाचा लहान केशरी भोपळा येतो, त्याची साल काढावी लागत नाही. गूळ किंवा तपकिरी साखर घालून त्याचे घारगे फार छान होतात. शोभेचे रंगीबेरंगी छोटे भोपळे शिजवू नका. कुठलाही भोपळा कडू लागला तर तो घास थुंकून टाका, कारण त्या कडवटपणातच विष असतं.

पतंग आणि कंदील

आपण पतंग उडवतो संक्रांतीला. जर्मनीत पतंगाचा मोसम शरद आहे. पिकं निघालेली असतात, शेतं मोकळी होतात आणि वारा जोराचा असतो. कागद आणि कामट्यांचा पतंग करायला येत असेल, तर एका संध्याकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना शिकवा आणि रविवारी उडवायला न्या. भाषा तोडकीमोडकी असली तरी पतंग बांधताना हातांनी बोलता येतं. मांजा न्यायचा नाही, साधा दोरा वापरायचा. परवानगीशिवाय दोरा १०० मीटरपेक्षा लांब सोडता येत नाही, आणि विजेच्या तारा व विमानतळ यांच्यापासून दूर राहायचं. शेतात शिरण्याआधी पेरणी झालेली नाही ना, एवढं शेतकऱ्याच्या मुलाला सांगायला नको.

११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस असतो. त्या सुमारास संध्याकाळी लहान मुलं हातांत कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत मिरवणुकीनं निघतात, बहुधा पुढे घोडेस्वार असतो. ही मिरवणूक पाहायला जरूर जा. मुलांचे फोटो मात्र आईवडिलांना विचारल्याशिवाय काढू नका, तिथे ते फार मनावर घेतात. त्याच दिवशी ११ वाजून ११ मिनिटांनी कोलोनमध्ये कार्निव्हलचा मोसम सुरू होतो. गर्दी प्रचंड असते, म्हणून भेटायची जागा आधी ठरवा आणि पासपोर्ट घरी ठेवून त्याची प्रत न्या.

डबा, पाहुणचार आणि नकार

सहलीच्या डब्याला धपाट्यांना तोड नाही. ते दोन दिवस टिकतात, गार खाता येतात आणि सोबत लोणचं असलं की पुरे. मसाल्यांत येसर जरूर न्या. दहा जणांची आमटी त्यावर अर्ध्या तासात होते. शेंगदाण्याच्या चटणीबाबत एक काळजी घ्या. युरोपात अनेकांना शेंगदाण्याची गंभीर अ‍ॅलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते. ताटात वाढण्याआधी प्रत्येकाला विचारा, आणि ज्या भांड्यात चटणी होती त्या भांड्यातला चमचा दुसरीकडे घालू नका.

सामान बांधताना लक्षात ठेवा, की युरोपीय संघात प्रवाशाला भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, खवा, पेढे विमानतळावर काढून घेतले जातात. ताजा कढीपत्ता आणि बहुतेक ताज्या फळभाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. चिवडा, चकली, कोरडी चटणी, येसर, कुरड्या असं कोरडं न्या.

शाकाहारी असाल तर तसं स्पष्ट सांगा. शरदात तिथे कांद्याचा एक खारा केक मिळतो, त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. "इश एसे काइन फ्लाइश", म्हणजे मी मांस खात नाही, एवढं वाक्य पहिल्याच आठवड्यात पाठ करा. त्या केकसोबत नव्या द्राक्षांची अर्धी आंबलेली वाइन देतात. प्यायची नसेल तर नको म्हणा आणि सफरचंदाचा रस मागवा. तिथे कुणी आग्रह धरत नाही, नकाराचा राग मानत नाही. पिणाऱ्या मित्रानं परतीला गाडी चालवायची नाही, यावर मात्र ठाम राहा.

भाड्याची गाडी घेणार असाल, तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना परभणीच्या आरटीओतून आधीच काढा. जर्मनीत राहायला गेल्यापासून सहा महिनेच आपल्या परवान्यावर गाडी चालवता येते. गाडी उजव्या बाजूनं चालते, म्हणून पहिला सराव रिकाम्या रस्त्यावर करा.

दिवाळी तिकडची

दिवाळीही याच ऋतूत येते आणि घरची आठवण तेव्हा सगळ्यात जास्त येते. त्या दिवशी एकटं राहू नका. म्युनिक, फ्रँकफर्टसारख्या शहरांत मराठी मंडळींचे कार्यक्रम असतात, तिकडे जा. पण एक संध्याकाळ आपल्या मजल्यावरच्या परदेशी मित्रांसाठी ठेवा. शंकरपाळे तळायला त्यांना बसवा, रांगोळी काढायला सांगा. फटाके वाजवता येत नाहीत, कारण तिथे सामान्य लोकांना ते फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला वाजवता येतात. खोलीत धूर झाला की अलार्म वाजतो आणि अग्निशमन दलाचा खर्च विद्यार्थ्यावर पडू शकतो, म्हणून बॅटरीच्या पणत्या लावा किंवा बाहेर अंगणात परवानगीनं दिवे लावा. रात्री दहानंतर शांतता पाळा. शेजाऱ्यांना दोन दिवस आधी चिठ्ठी लिहून कळवलं आणि फराळाची वाटी दिली, तर तक्रार करण्याऐवजी ते बहुधा तुमच्यात येऊन बसतील.

दुसऱ्या देशांत असाल तर

अमेरिकेत घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातं. ३१ ऑक्टोबरला हॅलोविन आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं. त्या दिवशी स्थानिक कुटुंबाचं जेवणाचं बोलावणं आलं तर नाकारू नका. कॅनडाचं थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतं. अमेरिकेतून कॅनडाला फिरायला जाताना कॅनडाचा व्हिसा आणि आय-२० वरची प्रवासाची सही दोन्ही तपासा. ब्रिटनमध्ये ५ नोव्हेंबरला होळीसारख्या मोठ्या शेकोट्या आणि आतषबाजी असते, आणि लेस्टरची दिवाळी तर सगळ्या देशात प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ऋतू उलटे असतात, तिथला शरद मार्च ते मे. मदतीचे क्रमांक पाठ ठेवा: अमेरिका-कॅनडा ९११, ब्रिटन ९९९, ऑस्ट्रेलिया ०००.

घरच्यांसाठी थोडं

आईवडिलांनो, लेकराचा डोंगरावरचा हसरा फोटो दिसला म्हणजे अभ्यास सोडला असं समजू नका. आठवड्यातून एक दिवस माणसांत गेलेलं मूल पुढचे सहा दिवस जास्त चांगलं शिकतं. काळजी वाटायचीच तर ती खोलीतून बाहेर न पडणाऱ्या मुलाची वाटली पाहिजे. फोनची वेळही लक्षात ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, नंतर साडेचार तास. बोरीत रात्रीचे आठ वाजले की तिकडे आधी साडेचार वाजलेले असतात आणि नोव्हेंबरपासून साडेतीन. तेव्हा मूल वर्गात असू शकतं, फोन उचलला नाही म्हणून घाबरू नका.

मुलांनो, तुम्हीही सहलीला निघताना कुठे, कुणासोबत आणि कधी परत, एवढा निरोप घरी आणि मागे राहिलेल्या एका मित्राला पाठवा. परतलात की पुन्हा एक.

सुरुवात कशी करायची

पहिल्या आठवड्यात विद्यापीठाचे परिचय-कार्यक्रम असतात. त्यांतल्या एका तरी फेरीला जा आणि तीन जणांचे क्रमांक घ्या. त्यांतले सगळे मराठी किंवा सगळे भारतीय नसतील याची काळजी घ्या. दुसऱ्या आठवड्यात तुम्हीच निरोप टाका: रविवारी सकाळी नऊला स्टेशनवर भेटू, अमुक टेकडीवर जाऊ, डबा माझ्याकडे. पंधरा जणांना विचारलं तर चार येतील, आणि चार पुष्कळ आहेत. बोलावण्याची वाट पाहत बसू नका. त्या गावात सगळेच नवे असतात आणि सगळेच कुणीतरी बोलावेल म्हणून थांबलेले असतात.

खेड्यातून आलो म्हणून मागे राहू नका. उन्हातान्हात मैलभर चालणं, आभाळ पाहून पावसाचा अंदाज घेणं, दहा माणसांचं जेवण एका चुलीवर उरकणं, अनोळखी माणसाला पाणी विचारणं, हे सगळं तुम्हाला येतं. सहलीत नेमकं हेच उपयोगी पडतं. आणि पुढच्या ऑक्टोबरात आपल्या भागातलं नवं मूल तिथे उतरेल, तेव्हा त्याला पहिल्या रविवारी तुम्ही सोबत घेऊन निघा.